अपाचे फिल्टरमध्ये कृतीदेव ते युनिकोड लायब्ररी: शब्द मधेच तुटतायत

अंबडचा_आउटपुट

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचे एक ग्राहक आहेत, जिल्ह्यातलेच, कांद्याच्या धंद्यातले. त्यांच्याकडे एक जुनं वेब अ‍ॅप्लिकेशन आहे. लिलावाच्या नोंदी जशा पडतील तशा ओळी त्या पानावर येत राहतात. पान उघडं ठेवायचं आणि बघत बसायचं. ते लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेला, सोर्स कुणाकडेच नाही. सगळा मजकूर कृतीदेवमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये. ऑफिसातल्या संगणकांवर फॉन्ट आहे म्हणून तिथे चालतं. पण आता मुनीम, ड्रायव्हर, गावाकडचे शेतकरी सगळे मोबाइलवर बघतात आणि त्यांना दिसते ती इंग्रजी अक्षरांची भेळ.

अ‍ॅप्लिकेशनला हात न लावता समोर अपाचे २.४ (वेब सर्व्हर) रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे मध्ये राहून पान पुढे देणारा म्हणून, उभा केला आणि जाता जाता मजकूर बदलणारं एक आउटपुट फिल्टर मॉड्यूल लिहायला घेतलं. रूपांतरासाठी एक तयार सी लायब्ररी मिळाली आहे. रूपांतर झकास करते, पण तिच्यात फंक्शन एकच: अख्खी स्ट्रिंग द्या, अख्खी स्ट्रिंग घ्या. ‘थोडं देतो, बाकीचं नंतर’ हा प्रकारच नाही.

आता लक्षण सांगतो. कृतीदेवमध्ये नाशिक लिहिताना कळा पडतात त्या अशा: यू, के, एफ, अपॉस्ट्रॉफी, के, डी. एफ म्हणजे ऱ्हस्व इकार, आणि तो व्यंजनाच्या आधी येतो. बहुतेक वेळा ‘नाशिक’ नीट येतं. पण मधूनच एखाद्या ओळीत ‘नाि’ आणि पुढे ‘शक’ असं उमटतं. तसंच ‘मार्च’चा कधीकधी ‘माच’ होतो आणि रफार पुढच्या ओळीच्या सुरुवातीला लोंबकळतो.

सगळा प्रतिसाद शेवटपर्यंत गोळा करून एकदम रूपांतर केलं तर एकही चूक नाही. पण मग लिलाव संपेपर्यंत पान कोरं, आणि प्रोसेसची मेमरी फुगत जाते ती वेगळीच. मार्ग काय?

गोदाकाठचा

डेटाबेसच एकदा युनिकोडमध्ये करून टाका की राव. मूळ दुखणं तिथं आहे. वरून मलमपट्टी कशाला?

अंबडचा_आउटपुट

@गोदाकाठचा, तीच पहिली इच्छा होती. पण अ‍ॅप्लिकेशन शोध घेतं ते कृतीदेवच्याच बाइट्सवर. डेटाबेस बदलला की शोध, रिपोर्ट, पावती छापणं, सगळं बंद. शिवाय त्याच डेटाबेसवर वजनकाट्याचा आणखी एक प्रोग्राम बसलेला आहे. तो कुणी लिहिला हेही ग्राहकाला आठवत नाही.

गोदाकाठचा

बरं बरं. मग मलमपट्टीच करा.

बकेटभर_पाणी

प्रश्न नीट मांडलाय, त्यामुळे उत्तरही नीट देतो.

आधी तुकडे कुठून पडतात ते पाहा. अपाचेत डेटा बकेट ब्रिगेड म्हणून, म्हणजे तुकड्यांची (बकेटांची) रांग होऊन, येतो. तुमचं फिल्टर फंक्शन एका विनंतीसाठी एकदाच बोलावलं जात नाही, ब्रिगेड येईल तेवढ्या वेळा बोलावलं जातं. प्रॉक्सी मागच्या सर्व्हरकडून जेवढं हाताला लागेल तेवढं उचलते. प्रॉक्सीआयओबफरसाइझची मूळ किंमत ८१९२ बाइट आहे. डिस्कवरची फाइल असेल तर एपीआर (अपाचेची पायाभूत लायब्ररी) एकेका वाचनात ८००० बाइट देतं (मोठ्या फाइलला एममॅप करतं, ते वेगळं). यातल्या कुणालाही तुमचा ‘शि’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे माहीत नाही, आणि माहीत असण्याचं कारणही नाही. म्हणून कधी नीट, कधी तुटलेलं. तोडायची जागा प्रत्येक वेळी वेगळी पडते.

आता लायब्ररीकडे. परक्या लायब्ररीला फिल्टरमध्ये बसवायचं म्हटलं की मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो: डेटाची सूत्रं कुणाच्या हातात आहेत?

काही लायब्रऱ्यांना तुम्ही ढकलायचं असतं. झेडलिब (डेटा आवळणारी लायब्ररी) घ्या. नेक्स्ट_इन आणि अव्हेल_इन भरा, डिफ्लेट बोलवा, निघेल तेवढं उचला, पुढचा तुकडा आला की पुन्हा बोलवा. स्थिती ती स्वतःकडे ठेवते. एक्सएमएल वाचणारं एक्सपॅट तसंच, लिबएक्सएमएल२ चा पुश पार्सरही तसाच. अशी लायब्ररी फिल्टरमध्ये अलगद बसते. मॉड_डिफ्लेट उघडून वाचा, झेडलिबभोवती गुंडाळलेला फिल्टरच आहे तो.

काही लायब्रऱ्या ओढतात. तुम्ही त्यांना ‘वाच’ असं एक कॉलबॅक (लायब्ररी उलट बोलावेल ते फंक्शन) द्यायचं आणि त्या त्यांच्या मर्जीने डेटा मागणार. फिल्टरमध्ये हे अवघड, कारण डेटा संपला की फिल्टरला परत फिरायचं असतं आणि लायब्ररी तर आत खोल कुठेतरी उभी असते.

आणि तिसरा प्रकार तुमचा. सगळं एकदम हवं. याला उपाय असा की तुम्हीच मध्ये बसून सगळ्यात लहान पण पूर्ण घास कोणता ते ठरवायचं आणि तेवढाच तिला भरवायचा. झिपसारख्या गोष्टीला असा घास ठरवता येत नाही, कारण झिपची अनुक्रमणिकाच फाइलच्या शेवटी असते. तुमच्या बाबतीत येतो: एक शब्द. इकार असो की रफार, कृतीदेवमध्ये कोणतंही चिन्ह शब्दाच्या बाहेर जात नाही.

म्हणजे फिल्टरच्या कॉन्टेक्स्टमध्ये (एफ->सीटीएक्स) एक ‘शेपूट’ ठेवा. नवा तुकडा आला की शेपटाला जोडा, मागून शेवटची मोकळी जागा शोधा, तिथपर्यंतचं लायब्ररीला द्या, उरलेलं पुन्हा शेपूट. ईओएस बकेट (प्रतिसाद संपल्याची खूण) आलं की शेपूट जसं असेल तसं रूपांतर करून काढा आणि मग ईओएस पुढे पाठवा. एवढंच.

सिन्नरफाटा

‘एवढंच’ 😄

अंबडचा_आउटपुट

@बकेटभर_पाणी धन्यवाद, खूप मोकळं झालं. पण एक अडचण. पानात एचटीएमएल आहे आणि कृतीदेवची अक्षरं म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं. सगळंच लायब्ररीला दिलं तर टॅगही भाषांतरित होतात. टीडी टॅगचा ‘जक’ झाला आणि टीआर टॅगचा चक्क ‘जत’!

सिन्नरफाटा

कांद्याची गाडी थेट सांगली जिल्ह्यातल्या जतला. भाडं कोण देणार?

अंबडचा_आउटपुट

😂 सध्या टॅग वगळायला रेग्युलर एक्स्प्रेशन लावलंय. चालतंय असं वाटतं.

बकेटभर_पाणी

‘वाटतं’ हा शब्द फिल्टरमध्ये महाग पडतो. टॅगही तुकड्याच्या सीमेवर तुटणारच. अर्धा टॅग या ब्रिगेडमध्ये, अर्धा पुढच्या. तुमच्या एक्स्प्रेशनला पहिल्या अर्ध्यात शेवटचा कोन दिसत नाही, मग ते त्याला मजकूर समजतं. पीसीआरई२ मध्ये अर्धवट जुळणीची सोय आहे (पार्शल हार्ड), पण तिच्या नादी लागू नका.

शिवाय कृतीदेवमध्ये ‘ढ’ची कळ कोणती? डावा कोन, म्हणजे जे एचटीएमएलमध्ये टॅग उघडतं तेच चिन्ह. ‘झ’ म्हणजे उजवा कोन. अ‍ॅप्लिकेशनने शिस्तीत एस्केप केलं असेल तर ‘ढ’ तुमच्याकडे अँपरसँड-एलटी-अर्धविराम असा चार अक्षरांचा होऊन येतो. हा एस्केप न उलगडता लायब्ररीला दिलात तर ढेकू गावाच्या नावाचं काय होईल ते तुम्हीच बघा.

म्हणून दोन लायब्रऱ्यांची साखळी करा. पुढे लिबएक्सएमएल२ चा एचटीएमएल पुश पार्सर: एचटीएमएलपार्सचंक, त्यात बकेट जसं येईल तसं ओता. मागे तुमचं कन्व्हर्टर. पार्सर सॅक्स कॉलबॅकने (वाचता वाचता मारलेल्या हाकांनी) सांगतो, हा टॅग उघडला, हा मजकूर, हा टॅग मिटला. टॅग जसेच्या तसे लिहून काढा, कन्व्हर्टरला फक्त मजकूर. हे उद्योग मॉड_प्रॉक्सी_एचटीएमएल वर्षानुवर्षं करतंय. २.४ पासून ते अपाचेच्या सोबतच येतं, त्याचा सोर्स समोर ठेवा.

लक्षात ठेवायचं ते हे. मजकुराचा कॉलबॅक एका सलग मजकुरासाठी अनेकदा येऊ शकतो. एस्केप आला की तो वेगळा कॉलबॅक म्हणून येतो. म्हणजे ‘ढग’चा ढ एका हाकेत आणि ग दुसऱ्या हाकेत. तेव्हा कॉलबॅकमध्ये थेट रूपांतर करायचं नाही, फक्त साठवायचं. टॅग उघडला किंवा मिटला की साठवलेलं रूपांतर करून सोडायचं. लांबलचक परिच्छेद असेल तर मधल्या मोकळ्या जागेपर्यंत सोडायचं.

स्क्रिप्ट आणि स्टाइलचा मजकूर सीडेटाब्लॉकमधून येतो. तो आहे तसा पुढे ढकला. नाहीतर जावास्क्रिप्ट मराठीत येईल.

पंचवटी_एक्सप्रेस

एक शंका. शोधलेला शब्द ठळक करायला बरीच अ‍ॅप्लिकेशन्स शब्दाच्या मधेच स्पॅन टॅग घालतात. मग टॅग म्हणजे शब्दाची सीमा हे गृहीतक कोसळलं ना? इकार स्पॅनच्या बाहेर आणि व्यंजन आत.

बकेटभर_पाणी

कोसळलं. आणि त्याला चांगलं उत्तर नाही. इकार टॅगच्या पलीकडे नेला तर ठळक भाग बदलतो, नाही नेला तर अक्षर तुटतं. मी असतो तर फॉर्मॅटिंगचे टॅग (बी, आय, फॉन्ट, स्पॅन) आले की शेपूट सोडायचं नाही, टॅगच थोडा थांबवायचा आणि शब्द संपला की शब्द आधी, टॅग नंतर, असं केलं असतं. ठळकपणा एखाद्या अक्षराने सरकेल, सरकू दे. लिलावाच्या तक्त्यात हे येण्याची शक्यता किती? मूळ पोस्टकर्त्याने बघावं आणि नसेल तर सोडून द्यावं.

अंबडचा_आउटपुट

नाहीये. सोडून दिलं.

पण नवं भूत उभं राहिलं. पार्सर बसवल्यापासून साधी अक्षरं अचूक, पण काही जोडाक्षरं आता ठार बिघडलीत. आधी, म्हणजे पार्सर नसताना, ती नीट यायची.

फॉन्टवेडा_कॉलेजरोड

याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण यात माझे केस गेलेत. कृतीदेव फक्त कळफलकावरच्या अक्षरांवर चालत नाही, वरच्या १२८ बाइट्समध्येही त्याची बरीच अक्षरं आहेत. तुमचं कन्व्हर्टर एकेरी बाइट अपेक्षित धरतं. पण लिबएक्सएमएल२ आतून कायम यूटीएफ-८ बोलतं, कॉलबॅकमध्येही तेच देतं. म्हणजे मूळ एक बाइट तुमच्या हातात दोन किंवा तीन बाइट होऊन आला. कन्व्हर्टरला देण्याआधी त्याला परत एकेरी बाइटवर आणावं लागेल.

आणि इथे अजून एक खड्डा. पानावर ‘आयएसओ ८८५९-१’ लिहिलेलं असतं, पण ब्राउझर त्या नावाला विंडोज-१२५२ समजूनच वाचतात. वेबचं मानकच तसं सांगतं. ८० ते ९एफ या हेक्स पट्ट्यात दोन्ही वेगळे. पार्सर मात्र शब्दाला जागू शकतो, ८८५९-१ म्हटलं तर ८८५९-१च. म्हणून पार्सर कॉन्टेक्स्ट बनवताना एन्कोडिंग स्वतः सांगा: विंडोज-१२५२. पानावर काय लिहिलंय त्यावर विसंबू नका.

परत येताना आयकॉनव्ह (एन्कोडिंग बदलणारं फंक्शन) वापराल तर त्याच्या दोन त्रुटी वेगवेगळ्या ओळखा. ईआयएलएसईक्यू म्हणजे बाइट खरोखर चुकीचा. ईइनव्हॅल म्हणजे अक्षर अर्धं आलंय, उरलेलं पुढच्या वेळी. दुसरीला चूक समजून थांबणारा कोड मी पुष्कळ पाहिलाय.

आणि हो, बाहेर जाताना आता यूटीएफ-८ जातंय, तर कंटेंट-टाइप हेडरमधला कॅरसेट बदला. मेटा टॅगमध्ये जुनंच राहिलं तरी ब्राउझर हेडरला मान देतो, पण कुणी पान सेव्ह करून उघडलं की हेडर गेलेलं असतं. दोन्ही बदला.

अंबडचा_आउटपुट

@फॉन्टवेडा_कॉलेजरोड कॉलेज रोडला कुठल्याही मिसळीच्या दुकानात तुमचं बिल माझ्याकडे. जोडाक्षरं आली!

पाथर्डीफाट्याचा_प्रोसेस

चाललंय छान, पण अपाचेचा एमपीएम (विनंत्या कशा वाटून घ्यायच्या ते ठरवणारा भाग) कुणी विचारला नाही अजून. प्रीफोर्क (प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस) की इव्हेंट (एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड)?

अंबडचा_आउटपुट

इव्हेंट. का?

पाथर्डीफाट्याचा_प्रोसेस

कन्व्हर्टरचा सोर्स आहे ना? त्यात ‘स्टॅटिक कॅर’ शोधा.

अंबडचा_आउटपुट

...आहे. परत येणारी स्ट्रिंग एका स्टॅटिक बफरमध्येच आहे.

पाथर्डीफाट्याचा_प्रोसेस

मग एकाच प्रोसेसमधले दोन थ्रेड एकाच वेळी तो बफर भरणार. एका शेतकऱ्याच्या पानावर दुसऱ्याचा भाव. टेस्टिंगमध्ये तुम्ही एकटे असता म्हणून दिसत नाही, सकाळी लिलाव सुरू झाला की दिसेल.

तीन वाटा: लायब्ररीत बदल करून बफर बाहेरून द्यायचा (सोर्स आहे तर हेच करा), किंवा त्या हाकेभोवती म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावून आतल्या आतच निकाल कॉपी करून घ्यायचा, किंवा प्रीफोर्कवर जायचं. पान तासन्‌तास उघडं राहणार असेल तर प्रीफोर्क नको, प्रत्येक उघड्या पानामागे एक आख्खी प्रोसेस अडकेल.

लायब्ररी सी++ मध्ये असेल तर आणखी एक. तिचे एक्सेप्शन अपाचेच्या सी कोडमधून वर जाऊ द्यायचे नाहीत. सीमेवरच पकडायचे.

बकेटभर_पाणी

याच्याच जोडीला मेमरीचं सांगून टाकतो, कारण मूळ प्रश्नात ‘फुगते’ असं होतं.

आर->पूल (विनंतीचा मेमरीसाठा) सोयीचा आहे, पण तो विनंती संपली की मगच रिकामा होतो. साधं पान असेल तर क्षणात संपतं, कुणाला कळतही नाही. तुमची विनंती लिलावभर चालते. प्रत्येक शब्दासाठी त्या पूलमधून मेमरी मागितली तर ती सगळी लिलावभर साठत राहणार. शेपटाचा बफर एकदाच घ्या आणि तोच वापरत राहा. तात्पुरतं काही हवं असेल तर एक उपपूल करा आणि दर हाकेच्या शेवटी तो साफ करा.

लायब्ररी मॅलॉक करून (स्वतः मेमरी मागून) स्ट्रिंग देत असेल तर एपीआर_बकेट_हीप_क्रिएट ला शेवटून दुसरं आर्ग्युमेंट म्हणून ‘फ्री’ द्या, बकेट मरताना तीही सुटेल. स्टॅटिक बफर देत असेल तर तिथे ‘फ्री’ऐवजी नल द्या, म्हणजे बकेट स्वतःची प्रत करून घेतं. लायब्ररीने तयार केलेला कॉन्टेक्स्ट (इथे पार्सर) सोडायचं काम एपीआर_पूल_क्लीनअप_रजिस्टर वर टाका. ईओएसवर सोडू म्हणाल तर ज्याने मधेच मोबाइल खिशात टाकला त्याच्या विनंतीत ईओएस कदाचित येणारच नाही.

वाचून झालेलं बकेट लगेच काढून टाका. आख्खी ब्रिगेड आधी वाचून मग प्रक्रिया करणाऱ्याचं फाइल बकेटसुद्धा मेमरीत येऊन बसतं. आणि पुढे पाठवल्यावर एपी_पास_ब्रिगेड काय परत देतो ते बघा. समोरचा गेला असेल तर तिथेच थांबायचं, गेलेल्या माणसासाठी रूपांतर करत बसायचं नाही. रिकामी ब्रिगेड पुढे पाठवू नका.

द्राक्षबाग_दिंडोरी

धागा वाचतोय म्हणून माझंही घुसडतो. आमच्याकडे पॅकहाउसमधले द्राक्षपेट्यांचे फोटो सर्व्हरवरून जातात. जाताना लहान करायचे आहेत, लिबजेपीईजी वापरून. ती ‘ओढणारी’ ना? मग फिल्टरमध्ये बसतच नाही का?

बकेटभर_पाणी

बसते, कारण तिच्या लेखकांनी दार ठेवलंय. स्वतःचा सोर्स मॅनेजर लिहा. फिल_इनपुट_बफर मध्ये डेटा नसेल तर फॉल्स परत द्या. लायब्ररी ते ‘आत्ता नाही, नंतर’ असं समजते आणि सगळी हाक उलगडत तुमच्यापर्यंत परत येते. हेडर वाचताना असेल तर सस्पेंडेड म्हणते, ओळी वाचताना असेल तर शून्य ओळी मिळाल्या म्हणते. पुढचं बकेट आलं की तीच हाक पुन्हा मारायची.

यात दोन गोष्टी लोकांच्या नजरेतून सुटतात. थांबताना लायब्ररी शेवटच्या सुरक्षित जागेपर्यंत मागे सरकते. तिथून पुढचे न खाल्लेले बाइट तुम्ही जपायचे आणि नव्या डेटाच्या आधी लावायचे. आणि स्किप_इनपुट_डेटा तुमच्याकडे आहेत त्यापेक्षा जास्त बाइट वगळायला सांगू शकतं (कॅमेऱ्याचे फोटो असले की हमखास, आत लघुचित्र वगैरे भरलेलं असतं). उरलेला आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या तुकड्यातून वजा करा.

द्राक्षबाग_दिंडोरी

आणि फोटो खराब निघाला तर?

पाथर्डीफाट्याचा_प्रोसेस

तर सर्व्हरची ती प्रोसेस मरेल. विनोद नाही. लिबजेपीईजीचं मूळ एरर_एक्झिट थेट एक्झिट बोलावतं. कमांडलाइनवर ठीक, सर्व्हरमध्ये त्या प्रोसेसमधले सगळे थ्रेड सोबत जातात. स्वतःचं एरर_एक्झिट लिहा आणि त्यातून लाँगजम्प करून (थेट उडी मारून) फिल्टरमध्ये या. उडी कुठे पडायची ती खूण, सेटजम्प, मात्र फिल्टरच्या प्रत्येक हाकेत नव्याने लावायचा. मागच्या हाकेची स्टॅक फ्रेम केव्हाच गेलेली असते, तिच्यावर उडी मारली तर काय होईल ते सांगता येत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस

आणि ज्या ओढणाऱ्या लायब्ररीत असं दार नाही तिचं?

पाथर्डीफाट्याचा_प्रोसेस

वेगळ्या थ्रेडमध्ये चालवून मध्ये पाइप, किंवा कोरुटीन (मधेच थांबून पुन्हा तिथूनच चालणारं फंक्शन). मी केलंय, पुन्हा करणार नाही. त्यापेक्षा तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवून घेतलेलं परवडतं. एनजिनएक्स (दुसरा वेब सर्व्हर) वापरणाऱ्यांनी तर थांबून राहणारं काहीच करू नये. तिथे एक वर्कर थांबला की त्याच्यावरची सगळी कनेक्शनं थांबतात.

अंबडचा_आउटपुट

परत कांद्याकडे येऊ का? 🙂 मागच्या सर्व्हरकडून फ्लश (साठलेलं लगेच पुढे पाठवा असा इशारा) येतो तेव्हा शेपटाचं काय करायचं? झेडलिबमध्ये सिंक फ्लश म्हटलं की आतलं सगळं बाहेर येतं. तसंच मीही शेपूट सोडून द्यायचं का?

पंचवटी_एक्सप्रेस

सोडायलाच हवं. फ्लशचा अर्थच तो. नाहीतर वापरकर्ता ताटकळतो.

बकेटभर_पाणी

इथे माझा विरोध. झेडलिबने फ्लशला बाहेर काढलेलं कधीच चुकीचं नसतं, फार तर दोन-चार बाइट जास्त जातात. तुमचं शेपूट अर्धवट बाहेर पडलं तर ते चुकीचं पडतं आणि परत बोलावता येत नाही. ‘भाव १२’ असं दिसलं आणि मागून ‘५०’ आलं तर चालेल का? फ्लश बकेट पुढे जरूर पाठवा, शेपूट मात्र धरून ठेवा.

आणि प्रत्यक्षात कुणी ताटकळणार नाही. अ‍ॅप्लिकेशन ओळ पूर्ण करून फ्लश करत असेल, म्हणजे टीआर मिटलेला असेल, म्हणजे शेपूट रिकामंच असेल. तपासून बघा.

पंचवटी_एक्सप्रेस

मान्य नाही. सर्वसाधारण फिल्टर म्हणून लिहायचा तर फ्लशचा मान राखला पाहिजे. उद्या दुसरं कुणी टॅग नसलेल्या साध्या मजकुरावर लावेल, तिथे शेवटचा शब्द कायम एक पाऊल मागे राहील.

बकेटभर_पाणी

राहू दे एक शब्द मागे. तुटलेल्या शब्दापेक्षा उशिराचा शब्द बरा. आपलं इथे पटणार नाही, पोस्टकर्ता ठरवेल.

अंबडचा_आउटपुट

तपासलं. कर्लला (कमांडलाइनवरून पान आणणारं साधन) नो-बफर लावून बघत बसलो. प्रत्येक फ्लशच्या वेळी टीआर मिटलेलाच असतो, शेपूट रिकामं. धरून ठेवतोय.

फॉन्टवेडा_कॉलेजरोड

टेस्टिंग कसं करताय? नुसतं पान उघडून बघत असाल तर पुरणार नाही. सीमेची चूक नशिबावर दिसते.

माझी पद्धत सांगतो. खऱ्या पानाची एक फाइल घ्या. फिल्टरचा गाभा (शेपूट, पार्सर, कन्व्हर्टर) अपाचेशिवाय वेगळा चालवता येईल असा ठेवा. मग फाइल एकाच तुकड्यात द्या, निघेल ते ‘बरोबर उत्तर’ म्हणून जपा. नंतर तीच फाइल एकेक बाइट करून द्या. नंतर दोन तुकड्यांत, आणि तोडायची जागा पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सरकवत न्या. दर वेळी उत्तर बाइटसकट तेच यायला हवं. जिथे वेगळं येईल तिथे कोणता बाइट तुटला ते लगेच कळतं. अर्धा टॅग, अर्धा एस्केप, एफ नंतर आणि अपॉस्ट्रॉफीआधी, रफाराच्या झेडआधी, सगळ्या जागा आपोआप येऊन जातात. डोक्याने जागा शोधत बसायची गरज नाही.

व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) याच्यावरच लावा. अपाचेवर लावून काही सुचत नाही.

अंबडचा_आउटपुट

हे सोन्यासारखं निघालं. एकेक बाइट देताना एक जागा सापडली: शेपटात मोकळी जागा शोधताना मी फक्त स्पेस बघत होतो, जुनं अ‍ॅप्लिकेशन बऱ्याच ठिकाणी न तुटणारी स्पेस (एनबीएसपी) घालतं. त्यामुळे अख्खा रकाना एकच शब्द समजला जात होता. दुरुस्त केलं. आता कुठेही तोडा, उत्तर तेच.

काल ग्राहकाकडे चढवलं. पण एक गंमत. काही मोबाइलवर अजून जुनीच भेळ दिसते, तर शेजारच्या मोबाइलवर नीट.

पाथर्डीफाट्याचा_प्रोसेस

मागचा सर्व्हर ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) देतो का? त्याच्या दृष्टीने पान बदललेलंच नाही. मोबाइल जुना ईटॅग दाखवतो, सर्व्हर ३०४ (बदल नाही) म्हणतो, मोबाइल कॅशमधली भेळ पुन्हा वाढतो. मजकूर बदलणाऱ्या फिल्टरने ईटॅग, लास्ट-मॉडिफाइड आणि कंटेंट-लेंग्थ तिन्ही काढायला हवेत, आणि अ‍ॅक्सेप्ट-रेंजेसही. आत्ताची कॅश सोडवायला विनंतीतून इफ-नन-मॅच आणि इफ-मॉडिफाइड-सिन्स काही काळ उडवा.

कंटेंट-लेंग्थ काढलीच असेल, नाहीतर एव्हाना पान अर्ध्यात तुटलं असतं. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, तुमचा प्रतिसाद मूळच्यापेक्षा मोठाच होणार.

आणि मागचा सर्व्हर कधी गझिप (आवळलेला प्रतिसाद) पाठवतो का? पाठवत असेल तर साखळी इन्फ्लेट, मग तुमचा फिल्टर, मग डिफ्लेट अशी लावा. किंवा मागे जाणाऱ्या विनंतीतून अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग काढा. एकाच मशीनवर आहे तर दुसरं सोपं.

अंबडचा_आउटपुट

ईटॅगच होता. काढला, सगळीकडे नीट. कंटेंट-लेंग्थ आधीच काढली होती, गझिप येत नाही.

रूपांतर मधेच फसलं तर काय, हेही ठरवलं. हेडर गेलेले असतात, ५०० (सर्व्हरची चूक) पाठवता येत नाही. तेवढा शब्द मूळ कृतीदेवमध्येच जाऊ देतो आणि लॉगमध्ये नोंद करतो. मुनीम म्हणाले, एखादा शब्द वाकडा चालेल, ओळ गायब नको.

सिन्नरफाटा

मुनीमजींना आर्किटेक्ट करा.

गोदाकाठचा

२०२७ च्या सिंहस्थात शहरभर मोबाइलचं नेटवर्क रडणार आहे, तेव्हा एवढी उघडी कनेक्शनं टिकतील का तेही बघून ठेवा. तुटली की पान आपोआप पुन्हा जोडतं का?

अंबडचा_आउटपुट

नाही जोडत. पानात मेटा रिफ्रेश घालता येईल फिल्टरमधूनच, पार्सर आहेच हाताशी. बघतो.

शेवटचं एक राहिलं. त्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ‘एक्सेल’ बटण आहे. उघडून पाहिलं तर आत एचटीएमएलचाच तक्ता, फक्त कंटेंट-टाइप एक्सेलचा. माझा फिल्टर टेक्स्ट-एचटीएमएल वरच लागतो म्हणून ती फाइल अजून कृतीदेवमध्येच उतरते. हाही प्रकार फिल्टरच्या यादीत घालू का?

बकेटभर_पाणी

ती फाइल पुढे कोण उघडतं ते आधी विचारा.

अंबडचा_आउटपुट

विचारलं. सीएच्या ऑफिसात जाते, तिथे त्यांनी कृतीदेव गृहीत धरूनच मॅक्रो लिहिलेत.

बकेटभर_पाणी

मग हात लावू नका.